निबंधात मुलं स्वतःचं का लिहीत नाहीत? लेखनाच्या वर्गातलं काही

पाटीपेन्सिल

'पूर' या विषयावर लिहा म्हटलं की आमच्या वर्गातल्या निम्म्याअधिक वह्या 'निसर्गाने आपले रौद्र रूप धारण केले' या वाक्यानं सुरू होतात. ही मुलं प्रयाग चिखलीची, आंबेवाडीची, शिरोळ तालुक्यातली. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ हायवे बंद पडला, तेव्हा ती शाळेत होती. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे त्यांच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. पुराबद्दल त्यांच्याइतकं जाणणारं माणूस शोधायला मला लांब जावं लागेल. तरी वहीत येतं ते 'रौद्र रूप', मग 'सर्वत्र हाहाकार', आणि शेवटी 'माणसाने निसर्गाशी मैत्री केली पाहिजे'.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात पदवीच्या वर्गाला मराठी शिकवते. लेखनाचा पेपर बरीच वर्षं माझ्याकडे आहे. त्याबद्दल सविस्तर लिहायचं खूप दिवस मनात होतं.

चिखलीच्या एका मुलानं असाच पुराचा निबंध दिला. मी वहीत लाल खूण केली नाही. समासात पेन्सिलीनं एवढंच लिहिलं, 'त्या दिवशी तुमच्या म्हशी कुठं होत्या?' पुढच्या आठवड्यात दोन पानं आली. दावं भिजून गाठ सुटेना म्हणून वडिलांनी विळ्यानं कापलं. गाभण म्हैस पाण्यात पाय टाकायला तयार नव्हती, तिला मागनं रेटत न्यावं लागलं. आजीनं आधी गॅसची शेगडी माळ्यावर चढवली, मग देवघरातले टाक पदरात बांधले आणि मगच ती उंबऱ्याबाहेर पडली. सोनतळीला पोचल्यावर धारेची वेळ झाली, पण किटल्या घरातच राहिलेल्या. म्हशी तटतटलेल्या आणि धार काढायला भांडं नाही. शेवटी शेजाऱ्याच्या रंगाच्या डब्यात काढली आणि ते दूध ओतून टाकलं. हे वर्गात वाचलं गेलं तेव्हा मागच्या बाकावरनं एकजण म्हणाला, "आमचं बी दावं विळ्यानंच कापलं." त्याची वही तोवर कोरी होती. त्या तासाला तो लिहायला बसला.

माझं म्हणणं साधं आहे. या मुलांकडे सांगायला भरपूर असतं, भाषाही असते. बसस्टॉपवर ती एकमेकांना हेच सगळं रंगवून सांगतात. पण वहीतलं आपलं लिहिलेलं कुणी गोष्ट म्हणून वाचेल, हे त्यांच्या अनुभवात नसतं. दहावीपर्यंत त्यांची वही फक्त तपासली गेलेली असते. मुद्दे आले का, सुविचार आला का, शेवट चांगल्या विचारानं झाला का, एवढंच बघितलं जातं. मुलं हुशार असतात. काय मागितलं जातंय ते ती बरोबर ओळखतात आणि तेवढंच देतात. 'मानवी जीवनात पुस्तकांना अनन्यसाधारण महत्त्व आहे' हे वाक्य लिहिणाऱ्या मुलीच्या घरात पाठ्यपुस्तकाखेरीज एकही पुस्तक नव्हतं. ते तिनं लिहिलं असतं तर मी ती वही खाली ठेवू शकले नसते.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या खर्ड्याला लाल पेन लागत नाही. समासात दोन-तीन प्रश्न, तेही माहितीचे. 'कुणी सांगितलं?', 'हातात काय होतं?', 'मग आई काय म्हणाली?' असले. 'भावना व्यक्त कर', 'वर्णन वाढव' असं मी कधी लिहीत नाही. त्यानं मूल पुन्हा गाईडाकडे जातं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर फक्त त्यालाच देता येईल.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्यानं वाचन. लिहिणाऱ्यानं स्वतःचं वाचायचं नाही, शेजारच्यानं वाचायचं. लिहिणारा ऐकत बसतो. वाचणारा कुठं अडखळला, कुठं त्याचा आवाज बदलला, कुठं वर्गाची चुळबुळ थांबली, हे त्याला समोर दिसतं. मी दहा वेळा सांगून जे पटत नाही ते तिथं एका मिनिटात पटतं. एका मुलीनं गुऱ्हाळावर लिहिलं होतं. तिचे वडील गुळव्या आहेत, हंगामात रात्री घरी नसतात. पहिला खर्डा 'ऊस हे नगदी पीक आहे' असा. शेजारणीनं तो वाचला आणि वाचता वाचता जांभई दिली. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या खर्ड्यात तिचे वडील आले. काहिलीतला पाक काठीनं थोडासा उचलून थंड पाण्यात टाकतात, बोटांनी त्याची गोळी वळून बघतात, आणि मग एकच शब्द बोलतात, "उतरवा." त्या शब्दावर चार माणसं हलतात. तिनं लिहिलं होतं, 'घरात पप्पांचं कोण ऐकत नाही. गुऱ्हाळावर सगळे ऐकतात.' हे वाक्य तिला मी शिकवलेलं नाही. कुणी शिकवूही शकलं नसतं.

अर्थात दार उघडलं की सगळंच आत येतं. वडिलांची दारू, सोसायटीचं कर्ज, बहिणीचं मोडलेलं लग्न. त्यासाठी वर्गात एक नियम आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात फुली मारली असेल तर ते पान फक्त मी वाचते, वर्गात जात नाही, त्यावर गुण नाहीत आणि त्या मुलाला कुणासमोर त्याबद्दल विचारायचं नाही. वर्षाच्या सुरुवातीला फुल्या कमी असतात. दिवाळीनंतर वाढतात. ज्या पानावर फुली नाही पण असायला हवी होती, ते मी बाजूला ठेवून मुलाला एकट्याला विचारते. मूल मोकळं झालं म्हणजे लेखन चांगलं झालं असं मी मानत नाही आणि दुःखाला जास्त गुण द्यायची सवयही मला घातक वाटते. ती लागली की मुलं दुःख रचायला लागतात.

इथं बरेच शिक्षक आणि पालक आहेत. तुमच्याकडे काय होतं ते लिहा. मतभेद असेल तर नक्की लिहा.

भोगावतीकाठ

मॅडम, लेख आवडला. पण मी राधानगरी भागातल्या हायस्कूलवर आयुष्य काढलेला माणूस आहे, निवृत्त होऊन काही वर्षं झाली, तेव्हा दुसरी बाजू मांडतो.

तुमच्याकडे येणारी मुलं दहावी-बारावी पास होऊन आलेली असतात. ती पास कशी झाली? कुमारभारतीच्या पेपरात उपयोजित लेखन असतं. पत्र, सारांश, जाहिरात, बातमी, कथा, शिवाय प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक. ठरलेल्या वेळात सगळं लिहायचं. मुद्द्यांचा सांगाडा दिला नाही तर वर्गातली निम्मी मुलं पेन उचलत नाहीत. 'तुझ्या मनातलं लिही' म्हटलं की ती माझ्याकडे बघत बसायची. 'सुरुवात अशी कर, मग हे तीन मुद्दे, मग शेवट' म्हटलं की पान भरायचं. ज्याच्या घरात कुणी कधी निबंध लिहिलेला नाही, त्याला आधार लागतो. त्याला एकदम मोकळं सोडणं मला बरोबर वाटत नाही. चांगल्या घरच्या मुलांना मोकळेपणा परवडतो.

उद्यमनगर

भोगावतीकाठ सर, तुमचं वाचून बोलल्याशिवाय राहवलं नाही. मी त्याच सांगाड्यातनं पास झालोय. 'माझे वडील' असा निबंध होता. गाईडात वडील सकाळी पेपर वाचतात, ऑफिसला जातात, संध्याकाळी बागेत फिरायला नेतात. आमचे पप्पा फौंड्रीत. रात्रपाळी करून सकाळी यायचे आणि झोपायचे. मी निबंधात पप्पांना ऑफिसला पाठवलं. बागेत पण नेलं. गुण चांगले पडले आणि बाईंनी वर्गात वाचून दाखवला. घरी वही लपवून ठेवली, पप्पांनी वाचू नये म्हणून. ते वाचणार नव्हतेच, पण भीती वाटायची.

सांगाडा द्या, पण त्यात आमचं घर बसायला पायजे एवढंच म्हणणं आहे.

पाटीपेन्सिल

भोगावतीकाठ सर, तुमचा मुद्दा मी हलका मानत नाही. १९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. त्याच्याही आधीपासून, १९०१ च्या मराठा बोर्डिंगापासून, इथं वसतिगृहं उभी राहिली. दसरा चौकातल्या बोर्डिंगांत राहून शिकणारी मुलं आजही माझ्या वर्गात बसतात आणि त्यातली कित्येक घरातली पहिलीच कॉलेजला आलेली असतात. त्यांना आधार हवा यात वाद नाही. वाद आहे तो आधार कसला द्यायचा यावर.

'सुरुवात, तीन मुद्दे, शेवट' हा आधार मूल एकदाच वापरतं आणि मग जन्मभर त्यालाच धरून बसतं. मी वेगळा आधार देते. पहिल्या तासाला कागद उभा दुमडायचा. डाव्या बाजूला फक्त नावं लिहायची. माणसांची, जागांची, वस्तूंची, भांड्यांची, जनावरांची. वाक्य लिहायचं नाही. नावं सगळ्यांना येतात, ज्याला अक्षर जेमतेम काढता येतं त्यालाही. मग त्यातलं एक नाव निवडायचं आणि उजव्या बाजूला त्याच्याशी घडलेलं एक काही. कोरा कागद दिल्यावर बघत बसणारी मुलं या कामाला अडत नाहीत. शाळेत आठवीपासून हे करता येईल असं मला वाटतं आणि बोर्डाच्या प्रसंगलेखनात ते उपयोगीच पडेल. परीक्षकानं एकाच दिवशी ढिगानं 'रौद्र रूप' वाचलेलं असतं. त्यात विळ्यानं कापलेलं दावं आलं तर तो थांबणारच.

चांगल्या घरच्या मुलांबद्दल माझा अनुभव थोडा उलटा आहे. ज्यांच्या घरी पुस्तकं आहेत ती मुलं गुळगुळीत लिहितात आणि त्यांच्याकडून खरं काढायला मला जास्त कष्ट पडतात.

उद्यमनगर, तुम्ही तो निबंध आता लिहा ना. इथंच लिहा.

खिळाछापा

मी मुद्रितशोधनाचं काम करतो, पुण्यात असतो. मूळचा गडहिंग्लजचा. एक शंका आहे, राग मानू नका. समासात प्रश्न, लाल पेन नाही, हे सगळं ऐकायला छान आहे. पण माझ्याकडे पदवीधरांचा जो मजकूर येतो त्यात 'लोकानी', 'मुलाना', 'पानी' सर्रास असतं. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली चौदा ठरले, १९७२ साली त्यात चारांची भर पडली. एकूण अठरा. अठरा नियम पंधरा वर्षांच्या शिक्षणात येऊ नयेत? शुद्धलेखन मागं टाकण्याचा परिणाम आम्ही रोज निस्तरतो.

आणि कोल्हापूर भागात तर मुलीही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात. तेही तसंच लिहू देता का?

पाटीपेन्सिल

खिळाछापा, शुद्धलेखन मी सोडत नाही, फक्त ते तिसऱ्या वाचनाला घेते. पहिल्या वाचनाला माणूस काय सांगतोय ते, दुसऱ्याला क्रम आणि काटछाट, तिसऱ्याला ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार. हा क्रम उलटा केला की काय होतं ते मी बघितलंय. ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्दच मूल वापरत नाही. मग 'विळा' जातो, 'दावं' जातं, 'किटली' जाते आणि फक्त शाळेत शंभरदा लिहून घेतलेले शब्द उरतात. शुद्ध असतं सगळं, पण वाचण्यासारखं काही नसतं.

नियम शिकवतानाही मी ते मुलांच्याच वह्यांतून शिकवते. 'लोकानी' हे आमच्याकडे बोलण्यात तसंच येतं, सामान्यरूपावरचा तो अनुस्वार कानाला नीट लागत नाही, म्हणून वहीतून गळतो. हे एकदा समजावून सांगितलं आणि प्रत्येकानं आपल्याच दोन पानांत तो अनुस्वार कुठं कुठं हवा ते शोधलं की पुढं चूक बरीच कमी होते. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा, कवी, गुरू, हाही तसाच. एका आठवड्याला एक नियम. सगळे अठरा एकदम फळ्यावर लिहून दिलेले कुणाच्या लक्षात राहत नाहीत, माझ्याही राहिले नसते.

मुलींच्या 'आलो-गेलो'चं. संवादात ते तसंच राहतं, कारण माणूस तसंच बोलतो. निवेदनात काय करायचं हे मी लिहिणारीवर सोडते, पण तिला दोन्ही रूपं आली पाहिजेत आणि तिनं ते ठरवून केलेलं असलं पाहिजे. इचलकरंजीकडची एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "मॅडम, 'मी आले' असं लिवलं की ती पोरगी दुसरीच कोणतरी वाटती." तिनं पूर्ण कथा 'मी आलो'मध्ये लिहिली आणि तिचा अर्ज, अहवाल, परीक्षेची उत्तरं प्रमाण भाषेत असतात. मला त्यात काही बिघडलेलं दिसत नाही.

चुलवाण

गुऱ्हाळाचं वाचलं म्हणून लिहितोय. आमचं स्वतःचं घर आहे गुऱ्हाळाचं, करवीर तालुक्यात. पोरीनं बरोबर लिहिलंय. फक्त 'काठीनं पाक उचलतात' याच्या आधी बरंच असतंय. रस तापला की भेंडीचं पाणी घालतात, त्यानं मळी वर येते, ती काढत राहायची. ती नीट काढली न्हाई तर गूळ काळा पडतो, मग बाजारात दर नाही. खाली चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या असतो, त्याचं नाव कुणी काढत न्हाई, पण जाळ कमी-जास्त झाला तर गुळव्याची हुशारी वाया. काहील उतरवून वाफ्यात ओतल्यावर पण काम असतंय. पोरीला सांगा जळव्यावर पण लिहायला.

एक विचारतो. आमचा पोरगा नववीला हाय. हे सगळं त्याला येतं, सुट्टीला गुऱ्हाळावरच असतो. निबंधात मात्र 'माझा आवडता छंद' म्हणून तिकिटं गोळा करणं लिहितो. तिकीट त्यानं हातात घेतलेलं न्हाई.

पाटीपेन्सिल

चुलवाणदादा, जळव्याचं मी त्या मुलीला नक्की सांगते. बघा, असा वाचक भेटला की लिहिणाऱ्याला पुढचं पान मिळतं. वर्गात मी एकटी असते आणि मला मळी माहीत नसते. म्हणून वर्षातून काही वेळा मी मुलांना त्यांचं लिहिलेलं घरी वाचून दाखवायला सांगते, ज्याच्याबद्दल लिहिलंय त्यालाच. सुरुवातीला फार लाजतात. पण चूक काढणारा बाप भेटला की मुलगा दुसऱ्या दिवशी वही घेऊन माझ्याकडे तरातरा येतो.

तुमच्या मुलाला निबंधाबद्दल काही बोलू नका. एवढंच करा. रात्री गुऱ्हाळावर असताना त्याला म्हणा, 'उद्या मी नसलो आणि नवा जळव्या आला तर त्याला काय काय सांगशील, लिहून ठेव.' ते कुणाला तरी उपयोगी पडणार आहे हे त्याला कळू दे. मग ते तुम्ही वाचा आणि चुकलं असेल तिथं विचारा.

सायलीची_आई

आमची मुलगी इंग्रजी माध्यमात, सहावीत. २०२० च्या कायद्यानं मराठी सगळ्या शाळांत सक्तीची झाली म्हणून शिकते, पण मराठीतून चार ओळी लिहायच्या म्हटलं की रडते. आणि आता घरातल्या मोबाईलवर चॅटजीपीटी आहे. परवा 'रंकाळा तलाव' असा निबंध होता, तिनं विचारला आणि उतरवून काढला. बाईंनी 'उत्तम' दिलं. मी काय करावं कळेना. कॉलेजात हे चालत असेल तर तुम्ही काय करता?

पाटीपेन्सिल

सायलीची आई, कॉलेजात हे आहे आणि भरपूर आहे. मी त्यावर पकडापकडी करत नाही, कारण त्यात तास जातो आणि मुलं-शिक्षक एकमेकांचे वैरी होतात. पण दुर्लक्षही करत नाही. मला त्याची खरोखर काळजी वाटते. मुलांनी फसवलं याचं मला तितकं वाटत नाही. जे मूल 'रौद्र रूप'मधून अजून बाहेर आलेलं नाही त्याला आता तेच वाक्य, आणखी घासूनपुसून, फुकट आणि एका क्षणात मिळतंय. गाईडातलं निदान हातानं उतरवायला लागायचं.

पहिला खर्डा वर्गातच होतो, हातानं. मोबाईल बॅगेत. त्या दुमडलेल्या कागदावरच्या नावांशिवाय पुढचा खर्डा मी घेत नाही. शिवाय रंकाळ्याचाच प्रयोग वर्गात केला होता. यंत्राकडून एक निबंध काढला, त्यात 'निळेशार पाणी', 'सायंकाळची सोनेरी किरणे', 'मनाला शांती' असं होतं. तो फळ्याशेजारी लावला आणि मुलांना विचारलं, यात काय नाही? यादी वाढत गेली. संध्यामठ नाही, जो पाणी उतरलं की उघडा पडतो. भेळेची गाडी नाही. जलपर्णी नाही, तिचा वास नाही. पहाटे पळायला येणारी तालमीतली पोरं नाहीत. रंकाळ्यावर बसून मोडलेलं लग्न ठरवणारी मावशी नाही. हे शेवटचं एका मुलीनं सांगितलं आणि मग तिनं तेच लिहिलं. यंत्राचं मराठी वाईट नव्हतं. फक्त ते इथं कधी आलेलं नव्हतं, हे मुलांना स्वतःलाच दिसलं.

सहावीच्या मुलीला एवढं करू नका. तिला एकदा रंकाळ्यावर न्या, भेळ खा, घरी आल्यावर तिला तुम्हाला मराठीतून तोंडी सांगू द्या, इंग्रजी शब्द आले तरी येऊ देत. तुम्ही तिचं जसंच्या तसं उतरवून घ्या आणि तिला वाचून दाखवा. आपण बोललो ते कागदावर येऊ शकतं हे तिला एकदा दिसू दे. अक्षरं नंतर तिची ती काढेल.

भोगावतीकाठ

मॅडम, दुमडलेला कागद मला पटला. शेजारच्या मुलांना मी संध्याकाळी शिकवतो, त्यांच्यावर करून बघितला. सातवीतल्या एकानं डाव्या बाजूला पहिलंच नाव लिहिलं, 'मोडकी सायकल'. पुढं अर्धं पान. सांगाडा मी सोडणार नाही, पण तो आता नावांनंतर देईन.

एक व्यवहारातली अडचण. सत्तर वह्या. त्यात समासात प्रश्न लिहायचे तर शिक्षकाची रात्र संपते. तुम्ही कसं निभावता?

पाटीपेन्सिल

सर, सगळ्या वह्या मी दर आठवड्याला वाचत नाही. एका आठवड्याला पाव वर्ग. बाकीच्या मुलांच्या वह्या मुलंच एकमेकांच्या वाचतात आणि समासात प्रश्न लिहितात, तेही पेन्सिलीनं, खाली आपलं नाव घालून. सुरुवातीला 'छान आहे', 'अजून लिही' असंच येतं. म्हणून नियम केला की शेरा चालणार नाही, प्रश्नच पाहिजे. काही मुलं प्रश्न विचारण्यात माझ्यापेक्षा पुढं जातात. गावाकडची मुलं शेतीच्या मजकुरात जे विचारतात ते मला सुचणारच नाही. आणि जो दुसऱ्याला चांगला प्रश्न विचारायला शिकतो त्याचं स्वतःचं लेखन सत्र संपायच्या आत सुधारतं. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता त्याच्यावरच सगळ्यात जास्त भर देते.

सहकारी म्हणतात, अभ्यासक्रम कधी पुरा करणार? तो पुरा होतो. घाईनं होतो, काही घटक मी झरझर उरकते, पण लेखनाचा तास मोडत नाही.

उद्यमनगर

मॅडम, तुम्ही म्हणाला म्हणून लिहिलंय. चार दिवस लागले.

'माझे पप्पा फौंड्रीत कामाला होते. फौंड्रीत प्रचंड उष्णता असते. लोखंडाचा रस साच्यात ओतायचं काम ते करायचे. ते अत्यंत कष्टाळू होते. त्यांनी आमच्यासाठी खूप खस्ता खाल्ल्या. त्यांचे शर्ट सगळे भोकं पडलेले असायचे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायची. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळेच आहे.'

पाटीपेन्सिल

लिहिलंत, फार बरं वाटलं. वर्गात करते तेच इथं करते.

भोकं कशानं पडायची?

वेगळी बादली का?

सणाला, लग्नाला ते काय घालायचे?

खिळाछापा

मीही एक विचारतो. लोखंड ओतायला तयार झालं हे ते कशावरून ओळखायचे?

उद्यमनगर

'पप्पांच्या शर्टाला पुढच्या बाजूनं बारीक भोकं असायची, मागनं शर्ट नवाच. रस साच्यात ओतताना ठिणग्या उडतात, त्या पुढनं लागतात. आई म्हणायची, मागनं बघितलं तर साहेब दिसतोय. कपड्यांत मोल्डिंगची काळी वाळू असायची, ती आमच्या शाळेच्या ड्रेसला लागू नये म्हणून बादली वेगळी, हिरवी, कान तुटलेली. लग्नाला जायचं असलं की पप्पा आत्याच्या मिस्टरांचा शर्ट आणायचे. स्वतःचा एक चांगला होता, तो त्यांनी ठेवून दिलेला. कशासाठी ते आम्हाला माहीत न्हवतं. रस तयार झाला का नाही हे मीटरवर कळतं, पण पप्पा आधी रंगावरनं सांगायचे आणि मग मीटर बघायचे. एकदा मी डबा द्यायला गेलो होतो तेव्हा मला म्हणाले, बघ, अजून लाल हाय, थांबायचं. मला काय फरक दिसला न्हाई. मी दिसला म्हणून सांगितलं.'

चुलवाण

भावा, हे आमच्या काहिलीसारखंच हाय की. आम्ही पण रंगावरनंच बघतो.

भोगावतीकाठ

'मी दिसला म्हणून सांगितलं' याला मी निबंधात पूर्ण गुण दिले असते. खरंच सांगतो.

पाटीपेन्सिल

उद्यमनगर, 'कष्टाळू', 'खस्ता' आणि 'आज मी जो काही आहे' ही तिन्ही तुमची तुम्हीच काढलीत. मी सांगितलं नव्हतं, ते बघा.

आता दोन कामं आहेत. डबा द्यायला गेलात त्या दिवसापासून सुरुवात करून बघा, शर्ट नंतर आले तरी चालतील. आणि तो ठेवून दिलेला शर्ट. तो पुढं कधी निघाला का, कुणी घातला का, हे आईंना विचारा. त्या सांगतील तसं लिहा, त्यांच्या बोलण्यातच. सांगायचं नसेल तर कोपऱ्यात फुली मारा आणि इथं टाकू नका.

'न्हवतं' आणि 'न्हाई'चं खिळाछापांशी मी बोलून घेते.

खिळाछापा

बोलायची गरज नाही, ते मी तसंच ठेवेन. फक्त 'साहेब दिसतोय'ला अवतरण घाला, आई बोलतायत.